मिथेनचे फुकट नकाशे आणि पावणेदोनशेचा सेन्सर: बडोद्याहून वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच निकाल सांगून टाकतो, घाईत असाल तर एवढं वाचून निघा. उपग्रहावरून मिथेन दाखवणाऱ्या ज्या फुकट साइट्स आहेत त्या कचऱ्याचा डोंगर, कोळशाची खाण, गळकी गॅसलाइन असलं काही पकडायला एक नंबर. पण आपल्यासारख्या शेतीच्या पट्ट्यात बसून "हा मिथेन नक्की कुणाचा" असं विचारलंत तर त्यातली एकही धड उत्तर देत नाही, आणि वाईट म्हणजे उत्तर नसलं तरी रंग मात्र झकास दाखवते. स्टार पुढे देतोच, पण पाचपैकी पाच कुणालाच नाहीत.

मी बडोद्यात मांजलपूरला राहतो. नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनची, म्हणजे वर्षानुवर्षं केमिकल प्लांटमधले गॅस डिटेक्टर कॅलिब्रेट करणं हेच काम, त्यामुळे समोर आकडा आला की तो कुठल्या यंत्राने घेतला, किती लांबून, किती पुढेमागे होऊ शकतो हे विचारायची खोड लागलीये. भाची एम. एस. युनिव्हर्सिटीत एन्व्हायर्नमेंटला आहे, तिच्या डिझर्टेशनचा विषय शेतीतला मिथेन. तिचं म्हणणं, "मामा, आता सगळं सॅटेलाइटवर दिसतं, आपण घरी बसून शोधू कुठून येतोय ते." पाद्र्याकडे आमच्या थोरल्या काकांची शेती आणि म्हशी आहेत, त्यामुळे प्रश्न घरचाच होता. काकांना तर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेलं की तुमच्या म्हशींमुळे पृथ्वी तापतेय, तेव्हापासून ते जरा डिवचलेलेच होते. म्हटलं चला, एक एक वापरून बघू.

आपला भाग या कामाला किती अवघड आहे ते आधी ऐका, नाहीतर रिव्ह्यू उगाच कडक वाटेल. बडोद्याहून तासा-दीड तासाच्या अंतरात या गुन्ह्यातले सगळे संशयित एकत्र राहतात. महीपलीकडे आणंद-खेड्याकडे कालव्याच्या पाण्यावरचं भात, नवागामला तर भाताचं संशोधन केंद्रच आहे. दुभती जनावरं गावोगाव, कारण प्रत्येक गावात दूध मंडळी. कोयलीला १९६५ पासून रिफायनरी. पाद्रा, जंबुसर, गंधार या बाजूला तेल-गॅसच्या विहिरी, अगदी शेताला लागून. खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं तेव्हापासूनचा हा पट्टा. डभोईकडे वढवाण्याचा गायकवाडी तलाव, जो २०२१ मध्ये रामसर यादीत गेला, आणि तळ्याच्या चिखलातूनही मिथेन येतोच, व्होल्टाने १७७६ मध्ये हा वायू पहिल्यांदा पकडला तोच मुळी इटलीतल्या माजोरे तळ्याकाठचा चिखल ढवळून. शिवाय शहराचा कचरा, गटारं, आणि विश्वामित्रीबद्दल तर बोलायलाच नको. आता या सगळ्यांचा मिथेन एकाच हवेत मिसळतो, त्याला रंग नाही वास नाही (सिलिंडरला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो), आणि वाऱ्याने तो कुठच्या कुठे जातो.

पहिली वापरली ती कोपर्निकस ब्राउझर. युरोपवाल्यांचा सेंटिनेल-५पी नावाचा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ ला वर गेला, त्यावरचं ट्रोपोमी हे यंत्र रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जातं आणि जमिनीवरून परत फिरलेल्या सूर्यप्रकाशात मिथेनने नेमका कुठला भाग गिळलाय ते बघतं. फुकट अकाउंट काढायचं, लेयरमध्ये मिथेन निवडायचा, तारीख टाकायची, झालं. दिसायला इतकं सुंदर की भाची पहिल्या संध्याकाळी स्क्रीनशॉटच काढत बसली होती. मी म्हटलं थांब, आधी चौकोन केवढा आहे ते बघ. एक चौकोन साधारण साडेपाच बाय सात किलोमीटरचा. म्हणजे कोयलीची रिफायनरी, तिच्या भोवतीची गावं, तिथल्या म्हशी, नाले, हे सगळं मिळून एक-दोन चौकोन आणि त्यांचे एक-दोन आकडे. त्या चौकोनातला मिथेन रिफायनरीचा का रणोलीच्या एखाद्या गोठ्याचा, हे त्याच्या बापालाही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, जी इन्स्ट्रुमेंटवाल्याला लगेच टोचते. हवेत मिथेन मुळातच १९०० पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे हवेच्या अब्ज भागांत किती भाग) वर आहे (औद्योगिक क्रांतीच्या आधी ७०० च्या आसपास होता). उपग्रह मोजतो तो जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेच्या खांबाची सरासरी, त्यामुळे खाली गावात कितीही गडबड चालू असली तरी खांबाच्या सरासरीत फरक पडतो दहा-वीस पीपीबीचा, म्हणजे एक टक्का. एवढा फरक फार काळी किंवा फार पांढरी जमीन आली तरी खोटाखोटा दिसू शकतो, हा या मोजणीचा माहीत असलेला दोष आहे आणि त्यावर दुरुस्त्याही केल्या जातात, पण कच्छच्या रणाचं पांढरं मीठ आणि कानम पट्ट्यातली कापसाची काळी जमीन एकाच नकाशावर शेजारी शेजारी बघताना हे डोक्यात ठेवायलाच हवं. एका दिवसाचा नकाशा बघून कुणी काही बोलायला लागला तर त्याचं ऐकू नका, महिन्यांची सरासरी काढा, आणि क्वालिटी फिल्टर (म्हणजे खराब मोजण्या गाळणारी चाळणी) काढून टाकून जास्त रंग दिसतात म्हणून खूश होऊ नका.

पण खरा घोळ पावसाळ्याचा. ढग आले की हे यंत्र आंधळं. जून ते सप्टेंबर नकाशावर आपल्या बाजूला नुसती भोकं, आणि भाताच्या खाचरात पाणी उभं राहतं ते नेमकं तेव्हाच! म्हणजे ज्या चार महिन्यांत भात सगळ्यात जास्त मिथेन सोडतं ते चार महिने हिशेबातून गायब, आणि हिवाळ्यात आकाश स्वच्छ असताना मोजलं तर शेतात भात नाही, म्हशी मात्र बारा महिने आहेत. मग सरासरीत कोण दोषी दिसणार सांगा? नकाशा खोटं बोलत नाही, पण त्याने साक्ष फक्त उघडिपीच्या दिवशीची दिलीये हे साइटवर कुठेही ठळक लिहिलेलं नाही. साडेतीन स्टार, आणि त्यातला एक फुकट असण्याबद्दल.

दुसरी कार्बन मॅपर. ही मला मनापासून आवडली. इथे रंगीत चादर नाही, प्रत्येक गळतीचा वेगळा लोट दिसतो, तारीख, कुठल्या यंत्राने पाहिला, तासाला किती किलो आणि त्यात किती कमीजास्त हेही लिहिलेलं असतं. प्लस-मायनस लिहिणारा माणूस मला नेहमीच प्रामाणिक वाटतो. आकडा काढायला वाऱ्याचा वेग लागतो आणि तो हवामानाच्या मॉडेलमधून उचललेला असतो, त्यामुळे त्या प्लस-मायनसमध्ये मोठा वाटा वाऱ्याचा. नासाचं एमिट हे यंत्र २०२२ पासून स्पेस स्टेशनवर बसलंय, ते मुळात वाळवंटातल्या धुळीतली खनिजं बघायला पाठवलेलं, मिथेन हा वरचा बोनस. आणि १६ ऑगस्ट २०२४ ला गेलेला टॅनेजर-१ हा उपग्रह तर तीस मीटरच्या चौकोनात बघतो, म्हणजे शेड न् शेड. माहिती साधारण महिन्याभराने साइटवर येते, तेवढं चालतं.

मग भाचीने पाद्रा उघडलं, काकांचं शेत शोधलं, झूम केलं, आणि काही नाही. स्वच्छ. काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, मी सांगत होतो, आपल्या म्हशी सोडतच नाहीत काही."

इथे कागद-पेन घेऊन बसलो. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २००६ च्या मार्गदर्शिकेत म्हशीला धरलेला आकडा आहे वर्षाला ५५ किलो मिथेन. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे एक म्हैस तासाला सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. आणि हे असले उपग्रह बरी परिस्थिती असेल तर साधारण तासाला शंभर किलोचा लोट पकडतात. शंभर किलो भागिले सव्वासहा ग्रॅम, सोळा हजार म्हशी झाल्या! एका जागी, एकाच आवारात सोळा हजार म्हशी उभ्या केल्या तर काकांचा गोठा कार्बन मॅपरवर दिसेल. गुजरातेत काय, कुठेही खेड्यात एका जागी एवढ्या म्हशी नसतात, प्रत्येक दारात दोन-चार असतात. पण देशभरच्या मोजा, २०१९ च्या पशुगणनेत जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत, गुणिले ५५ किलो म्हणजे वर्षाला ६० लाख टन झाले. गायी-बैल अजून धरलेच नाहीत. म्हणून नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ मिथेन नाही असा काढू नका, आणि हे मी काकांनाही सांगितलं, त्यांनी विषय बदलला.

गंमत म्हणजे याच साइटवर कॅलिफोर्नियाच्या डेअऱ्या दिसतात. तिथे हजारो गायी एका जागी, आणि शेण पाण्याने धुवून मोठ्या तलावात साठवतात, त्या तलावात हवा लागत नाही म्हणून आत जोरात मिथेन तयार होतो आणि तोच वरून दिसतो. आपल्याकडे काकूंनी गोवऱ्या थापल्या, उरलेलं उकिरड्यावर गेलं, सुक्या आणि हवा लागलेल्या शेणातून मिथेन फार थोडा येतो. आपला मिथेन शेणाचा कमी आणि रवंथाचा जास्त, आणि तोही मागून नाही, तोंडावाटे, ढेकरेतून. हे अजून कितीतरी शिकलेल्या लोकांना माहीत नसतं आणि भलते विनोद चालू असतात.

तर कार्बन मॅपर, कचरा-कोळसा-गॅससाठी साडेचार, म्हशी-भातासाठी एक. दिल्लीचा गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर, मुंबईचं डम्पिंग ग्राउंड ही असल्या बारीक नजरेच्या उपग्रहांनी मोजलेली ठिकाणं आहेत, २०२२ मध्ये त्यावर पेपर आलाय ज्यात लाहोर आणि ब्युनोस आयर्सही आहेत. तिथे हे तंत्र खरंच कामाचं आहे, नगरपालिकेच्या साहेबासमोर फोटो ठेवता येतो.

या दोघांच्या मधली जी जागा आहे ना, म्हणजे फार भरड नाही आणि फार बारीकही नाही, पसरलेला मिथेन मोजेल असं काहीतरी, त्यासाठी मिथेनसॅट नावाचा उपग्रह होता. मार्च २०२४ मध्ये सोडला, न्यूझीलंड सरकारने पैसे घातले होते आणि त्यांना त्यातून शेतीचा मिथेन बघायचा होता, साहजिकच आहे, मेंढ्या-गायींचा देश. जून २०२५ मध्ये त्याचा संपर्क तुटला, खेळ खलास. त्याला स्टार काय देणार, पण शेतीवाल्यांच्या कामाचा असता तर तोच असता, याची मला खरंच हळहळ वाटते.

क्लायमेट ट्रेस ही साइट थोडक्यात उरकतो. दिसायला सगळ्यात चकाचक, अल गोरही त्यामागे आहेत, जगातल्या एकेका कारखान्याचा आकडा मिळतो. पण शेतीच्या बाबतीत तिथे दिसतं ते मोजमाप नाही, हिशेब आहे. जनावरं किती, गुणिले फॅक्टर (म्हणजे एका जनावरामागे धरलेला आकडा), आणि मग ते नकाशावर वाटून टाकलेलं. मी वर कागदावर केलं तेच मोठ्या प्रमाणात. भाचीने याच आकड्यांवरून "उपग्रहाने सिद्ध केलं" असं वाक्य लिहिलेलं, ते मी तिला खोडायला लावलं. अडीच स्टार.

आता हिशेब म्हटलं की एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण फॅक्टर चुकला की काय होतं ते यातून कळतं. १९९० च्या सुमाराला अमेरिकन सरकारी अंदाज असा होता की भारताची भातखाचरं वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या वर मिथेन सोडतात. कशावरून? युरोप-अमेरिकेतल्या थोड्या शेतांत मोजलं आणि आपल्या अख्ख्या क्षेत्राने गुणलं. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे ए. पी. मित्रा आणि त्यांच्या लोकांनी १९९१ मध्ये देशभर ठिकठिकाणी खाचरांवर पेट्या ठेवून प्रत्यक्ष मोजणी केली, आकडा निघाला ४० लाख टनांच्या आसपास. नऊ-साडेनऊ पट फरक! आपल्याकडे कितीतरी भात पावसावरचं, मध्येच खाचर सुकतं, जमिनीला हवा लागते, मिथेन करणारे जंतू थांबतात, शिवाय जमिनीत सेंद्रिय माल तेवढा नाही. खाचरातलं पाणी मुद्दाम मधून मधून काढायचा जो उपाय आता सांगतात तो यातलाच. पेटी म्हणजे काही भारी नाही हो, पारदर्शक बॉक्स रोपांवर उपडा ठेवायचा, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा ओढायची आणि लॅबला न्यायची. ही पद्धत जुनी आहे, घाम काढणारी आहे, आणि शेतीसाठी मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते.

आणि वरून-खालून दोन्ही जुळवलं तर काम होतं हेही खरं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या अनिता गणेशन यांच्या गटाने २०१७ मध्ये जमिनीवरची स्टेशनं, विमानातली मोजणी आणि जपानच्या गोसॅट उपग्रहाची माहिती एकत्र करून भारताचा आकडा काढला, वर्षाला साधारण २ कोटी २० लाख टन, आणि तो सरकारने कळवलेल्या आकड्याच्या बराच जवळ निघाला. जमिनीवरच्या स्टेशनांचं महत्त्व इथे आहे. गोव्यात केप रामाच्या कड्यावर १९९३ मध्ये बाटल्यांत हवा भरून न्यायचं काम सुरू झालं, आपल्या सिंहगडावर पुण्याच्या आयआयटीएमचं (हवामान संशोधन संस्था) स्टेशन आहे. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन येणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

पण "कुणाचा" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर मिथेनचे बोटांचे ठसे घ्यावे लागतात, आणि हे वरच्या एकाही फुकट साइटवर नाही, म्हणून माझी नाराजी. ठसे दोन. पहिला इथेन. जमिनीखालच्या तेल-गॅससोबत मिथेनबरोबर थोडा इथेनही येतो, म्हशीच्या पोटातून किंवा भाताच्या चिखलातून तो येत नाही. गाडीवर अ‍ॅनालायझर लावून वाऱ्याच्या खालच्या बाजूने हळूहळू गेलं आणि मिथेनच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर इथेनचाही उंचवटा आला तर समजायचं की पाइप किंवा विहीर, एकटा मिथेन आला तर गोठा, गटार नाहीतर खाचर. पाद्र्यासारख्या ठिकाणी, जिथे विहीर आणि गोठा यांच्यात एका शेताचं अंतर, तिथे याच्याइतकं सोपं हत्यार नाही. गोठ्याच्या बाजूने अमोनियाही येतो, तोही उपयोगी, नाकालाच कळतो.

दुसरा ठसा कार्बनचा. कार्बनचे हलके आणि जड असे दोन प्रकार, जडाचा वाटा किती यावरून उगम ओळखतात, एक मोजपट्टी असते, सगळे आकडे उणे, आकडा जितका जास्त उणे तितका जड कार्बन कमी. जगाची सरासरी काढली तर तेल-गॅसचा मिथेन उणे ४४ च्या आसपास, रवंथ करणाऱ्या जनावरांचा उणे ६५ च्या आसपास, भात साधारण उणे ६२. वा, म्हणजे झालंच की काम, असं भाची म्हणाली. पण जनावराचा आकडा ते काय खातं त्यावर हलतो! ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही एका जातीची पिकं, त्यांच्यात जड कार्बन मुळातच जास्त, भात-गहू दुसऱ्या जातीची. कडबा खाणाऱ्या जनावराचा मिथेन उणे ५५ च्या बाजूला सरकतो, पेंढा खाणाऱ्याचा उणे ६५. आता पुस्तकातले आकडे बहुतेक थंड देशातले, गवत खाणाऱ्या गायींचे. आपली म्हैस सकाळी ज्वारीचा कडबा, दुपारी मक्याचा हिरवा चारा, वर मंडळीचं दाण, आणि आणंदकडची भाताचा पेंढा. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन गोठ्यांचे ठसे वेगळे, आणि कडबेवाल्या म्हशीच्या मिथेनमध्ये थोडासा भाताचा मिसळला की मधला कुठलाही आकडा तयार. काकांच्या गोठ्यात कुट्टी मशीनपाशी उभं राहून हे समजावत होतो, काकू म्हणाल्या, "मग आधी चाऱ्याचा हिशेब लिही, हवेचा नंतर." मला त्या दिवसातलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य तेच वाटलं, आणि भाचीने खरंच गोठ्यागोठ्यातल्या चाऱ्याची वही सुरू केलीये.

आता वस्तू. ऑनलाइन "मिथेन डिटेक्टर" म्हणून एक बारकं मॉड्यूल मिळतं, एमक्यू-४ जातीचा सेन्सर, पावणेदोनशे रुपयांना आला, विकणाऱ्याने पानावर ठोकून लिहिलेलं की हवेतला मिथेन मोजा, शेतीसाठी, पर्यावरणासाठी, प्रोजेक्टसाठी उत्तम. साफ फसवणूक. सेन्सर वाईट नाही, जाहिरात खोटी आहे. त्याची रेंज ३०० पीपीएमपासून (एक पीपीएम म्हणजे हजार पीपीबी) १०,००० पर्यंत, आणि हवेत मिथेन असतो दोन पीपीएमलाही कमी. दीडशेपट खालचं तो काय कपाळ वाचणार! तो जे आकडे दाखवतो ते दमटपणाचे, तापमानाचे, शेजारी कुणी सॅनिटायझर लावला तर त्याचे. चहाच्या कपाच्या वाफेवर धरला तरी हलतो. विद्यार्थ्यांनी कृपा करून यावर ग्राफ काढून प्रोजेक्टला जोडू नका, परीक्षक शहाणा असेल तर तिथेच पकडेल. विक्रेत्याला परत घे म्हटलं तर पॅक फुटलंय म्हणून नकार, एक स्टार.

हां, पण काकांच्या गोबरगॅसवर तो चालला. तिथे वायूत निम्म्याहून जास्त मिथेन असतो त्यामुळे रेंजचा प्रश्नच नाही. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पाइपच्या कॉकपाशी नेला तर आकडा टणकन वर, गळत होतं. साबणाचं पाणी लावलं, फेस फुगला, म्हणजे हेच काम वाटीभर साबणाने झालं असतं. रबळी (गॅस काढून झालेलं पातळ शेण) बाहेर पडते त्या टाकीवरही आकडा चढला, बुडबुडे डोळ्यांनीच दिसत होते. कॉक बदलला, दोनशेच्या आतला खर्च, गॅस आता संध्याकाळपर्यंत पुरतो असं काकू सांगतात.

शेवटी ज्याच्यासाठी मी एवढं लिहिलं ते यंत्र. हातात धरायचा लेसर मिथेन डिटेक्टर, शहरातल्या गॅसच्या पाइपलाइनी तपासणारे लोक वापरतात तो. किंमत लाखांत, विकत घ्यायचा विचारच नको, ओळखीच्या एकाने रविवारपुरता दिला. लांबून नेम धरायचा, समोरच्या भिंतीवरून प्रकाश परत येतो, मधल्या हवेत किती मिथेन ते पीपीएम गुणिले मीटर असं दाखवतो. मोजणारा किरण दिसत नाही, नेम धरायला हिरवा ठिपका असतो, तो जनावराच्या डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही हे पहिलं. काकांची मेहसाणी म्हैस खाऊन बसली होती, आरामात रवंथ. दोन मीटरवरून नाकपुडीच्या खाली नेम धरला. आकडा पंधरा, वीस, पंचवीस, श्वासाबरोबर वरखाली. मग तिच्या गळ्यावरून खालून वर एक गोळा सरकताना दिसला, चावणं क्षणभर थांबलं, आणि आकडा एकदम शेकड्यात, काही सेकंदांत परत खाली. परत चावणं सुरू. थोड्या वेळाने परत तेच. काका बाजेवरून उठून बघायला आले, स्वतः हातात घेतला, आणि मग तासभर कुणाला दिलाच नाही, प्रत्येक म्हशीची ढेकर मोजून झाली, वासराचीही. संशोधकही जनावरांवर हेच यंत्र असंच धरून वापरतात, त्यामुळे हा नुसता खेळ नव्हता, पण यावरून वर्षाचे किलो काढायला वारा, अंतर, दिवसभराची मोजणी असं बरंच लागतं. गोठ्यात पंखा लावला की आकडा कोसळतो ते आम्ही बघितलं. चार स्टार, एक कापला तो किमतीचा.

(चारा सुधारून ढेकर कमी करायचं कामही चालू आहे, आयसीएआरच्या (केंद्राची कृषी संशोधन परिषद) बंगळूरच्या संस्थेचं हरित धारा नावाचं पूरक खाद्य १७ ते २० टक्के मिथेन कमी करतं असं ते सांगतात. काकांनी ऐकून विचारलं, दूध किती वाढतं? रास्त प्रश्न आहे, शेतकऱ्याला कुणी हवेचे पैसे देत नाही.)

वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. साइट्स मोबाइलवर उघडू नका, कोपर्निकस तर फोन तापवतो, लॅपटॉप घ्या. कुठलाही लोट बघितला की त्या वेळचा वारा कुठून होता ते आधी बघा, मग खालच्या गावाला नावं ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे हवा खाली दबलेली असते त्यामुळे जमिनीवरचा आकडा त्याच गोठ्यात दुपारपेक्षा बराच जास्त येतो, दोन ठिकाणांची तुलना करायची तर एकाच वेळी करा. आणि भाताचं काही म्हणायचं असेल तर पावसाळ्यात खाचरात उतरायची तयारी ठेवा, उपग्रह तेव्हा कामाचा नाही.

भाचीने आता विषय आवरता घेतलाय, पाद्र्याचे कडबेवाले गोठे आणि आणंदकडचे पेंढावाले, दोन्हीकडची हवा पिशव्यांत भरून कार्बनचा ठसा बघायचा, नमुने तपासून देणारी लॅब गाइड मॅडम बघतायत. इथेनवाला अ‍ॅनालायझर मात्र मिळत नाहीये. बडोदा, आणंद किंवा अहमदाबादला कुणाच्या ओळखीत गाडीवर लावायचा मिळत असेल, भाड्याने का होईना, तर खाली लिहा, डिझेल आमचं आणि दुपारचं जेवण काकूंकडे.